मनकर्णेची मुदत

बोरखडी गावातल्या एका घरात तीन जीव राहत होते. एक सोजरबाई, दुसरा तिचा लेक तुळशीराम, आणि तिसरी तुळशीरामाची बायको मनकर्णा, जी पांडवपंचमीपासून सरकारदफ्तरी गव्हाच्या बियाण्याची पिशवी होती.

पिशवी म्हणजे पिशवीच. तिला हातपाय होते, लांब वेणी होती, डाव्या डोळ्याखाली तीळ होता, बोलायला लागली की ऐकत बसावं असा आवाज होता. पण दफ्तरात एकदा लिहिलं ते लिहिलं. तिच्या पदराला पिवळं लेबल शिवलेलं होतं आणि त्या लेबलावर तारीख होती.

हे झालं कसं, ते सांगते.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. त्यांच्या नावावर मातीचं ढेकूळसुद्धा नव्हतं. तुळशीराम दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचा. त्या साली पेरणीला दुकानातून पिशवीतलं बियाणं आणलं. पेरून झालं आणि पिशवीच्या तळाशी पाच-सहा ओंजळी गहू उरला. दाणे गुलाबी होते. सोजरबाईनं सगळ्या जन्मात गुलाबी गहू पाहिला नव्हता. तिनं तो उन्हात धरून बघितला आणि तिला वाटलं, कुण्या पुण्यवान माणसानं दाण्यादाण्याला कुंकू लावून दिलंय.

पिशवीवर पुष्कळ लिहिलेलं होतं. सोजरबाईला अक्षर येत नव्हतं. तुळशीरामाला येत होतं, पण पिशवी वाचायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवीवर एक चित्रही होतं. कोनावर उभी केलेली चौकट, आत एक कवटी, खाली दोन हाडं आडवीतिडवी. चित्र मात्र सोजरबाईनं लगेच ओळखलं. नव्या घराच्या दारावर, मालट्रकच्या मागं असं भेसूर तोंड टांगतात, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. एवढं चांगलं तोंड फेकून कशाला द्यायचं? तिनं ते विळीवर नीट कापलं आणि कणकेच्या खळीनं दाराच्या चौकटीवर, बरोबर मधोमध चिकटवलं. कारण घरात जपायचं काम होतं. मनकर्णेला तिसरा महिना लागला होता. आधीची दोन पोटं टिकली नव्हती.

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. बोलावणं नाही, गाजावाजा नाही, घरच्या बाईनं घरातल्या घरात भरायची. सोजरबाईनं मनकर्णेला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, खण-नारळ दिला, आणि डब्यातला साधा गहू सोडून तो गुलाबी गहू पाच ओंजळी तिच्या पदरात घातला. पदराचा शेव कमरेला खोचून दिला.

"आत्याबाई, ह्या गव्हाचा वास कसातरी येतोय," मनकर्णा म्हणाली.

"तुला आता सगळ्याचाच वास यायचा," सोजरबाई म्हणाली. "बस गपचिप."

तेवढ्यात दारात पावलं वाजली. बियाणे निरीक्षक टेकाळे साहेब आले होते. माणूस सडपातळ, बोलणं मऊ, काखेत जाड वही. गावात कुणी बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या कशा ठेवल्या ते बघत ते घरोघर हिंडत होते. दारावरचं चित्र पाहून ते थांबले, तोंडातली तंबाखू बाजूला जाऊन थुंकले, चूळ भरली आणि मग आत आले.

"बाई, हे कोठार कुणाचं?"

"कोठार कुठलं बाबा, घर हाय."

"दारावर खूण आहे. ही खूण असते तिथं प्रक्रिया केलेलं, औषध चोळून रंगवलेलं बियाणं असतं." साहेबांनी आत नजर टाकली. त्यांना पाटावर बसलेली मनकर्णा दिसली, तिच्या पदरातला गुलाबी गहू दिसला. त्यांनी वही उघडली. "आहे म्हणा की. बियाणं ज्यात असतं ती पिशवी. पिशवीवर लेबल का नाही?"

"अवो साहेब, ती माझी सून हाय!"

"असू द्या. बियाणं तिच्यात आहे का नाही?"

सोजरबाईला नाही म्हणता येईना.

साहेबांनी खांद्यावरच्या झोळीतून दाभण काढलं, सुतळी ओवली आणि अगदी सांभाळून, मनकर्णेला कुठं टोचणार नाही असं बघत, पिवळं लेबल पदराला शिवलं. वाण कोणता, लॉट कुठला, उगवण किती, सगळं त्यावर होतं. खाली लाल अक्षरं होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचं असाही नियम होता.

"विष. खाण्यास, चाऱ्यास, तेलास वापरू नये. मूळ पिशवीतून दुसऱ्या भांड्यात काढू नये. कुलपात ठेवावी. अन्न, जनावरं आणि लहान मुलं यांच्यापासून दूर ठेवावी. जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावी. ओल लागू देऊ नये. हाताळताना हातमोजे घालावेत. सांडलेला दाणा मातीआड करावा. रिकामी झालेली पिशवी पुन्हा वापरू नये. फाडावी आणि पाण्याच्या जागेपासून लांब, तीन हात खोल पुरावी. मुदत संपलेलं बियाणं पिशवीसकट, तसंच."

सोजरबाईला अक्षर नव्हतं, म्हणून जन्मभर तिनं सगळं डोक्यातच ठेवलेलं. एकदा ऐकलं की ते तिच्या डोक्यातून पुसलं जात नसे. हेही गेलं नाही. नंतर तिला वाटलं, गेलं असतं तर बरं झालं असतं.

"मुदत कधी सपती, साहेब?" तुळशीरामानं विचारलं. तो नुकताच रानातून येऊन दारात उभा होता. पायाला माती तशीच.

"तीस तारखेला. सूर्य मावळायच्या आत."

"आन् मग?"

"मग वाचलं ना मी. फाडायची, पुरायची."

"कोन?"

"ज्यानं वापरली त्यानं. मी फक्त बघायला येतो." साहेबांनी वही पुढं केली. "ओटी कुणी भरली?"

सोजरबाईनं अंगठा पुढं केला. दुसरं काय करणार?

तुळशीरामानं तेवढ्यात एक तोड काढली. "साहेब, आत्ताच्या आत्ता नेऊन पेरून टाकतो हा गहू. मूठभर तर हाय."

"पेरा की. बियाणं पेरायसाठीच असतं." साहेबांनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "पण मग पिशवी रिकामी होते. भरलेल्या पिशवीला तीस तारखेपर्यंत मुदत आहे. रिकामीला नाही. ती त्याच दिवशी."

तुळशीरामानं पदराकडं नेलेला हात मागं घेतला.

"तिच्या पोटात लेकरू हाय," सोजरबाई म्हणाली. तिला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर तरी वही बंद होईल.

साहेबांनी वही बंद केली नाही. ते विचारात पडले, दोन पानं मागं गेले, एक पुढं आले. "पिशवीत पिशवी असली तर आतल्या पिशवीलाही स्वतंत्र लेबल लागतं," ते म्हणाले. "पण ती बाहेर आल्यावर. आत्ता नाही."

सोजरबाईनं चहा विचारला, तर ते म्हणाले कोठारात खाणंपिणं चालत नाही. चूलही बाहेर न्यायला सांगून ते गेले.

त्या दिवसापासून मनकर्णा आतल्या खोलीत राहू लागली. तुळशीरामानं बाभळीच्या फळ्या आणून चौरंगासारखं केलं, भिंतीपासून हात मोजून ठेवलं. ती त्यावर बसायची, त्यावरच आडवी व्हायची, एका हातानं पदर धरून. दाराला कुलूप. तीन विटांची चूल लिंबाखाली गेली. भाकरी नेऊन द्यायची ती हातमोजे घालून. तुळशीराम दुपारी रानातून यायचा, लाल रबरी मोजे चढवायचा, नाकाला फडकं बांधायचा आणि बायकोचा हात हातात घेऊन बसायचा. मोज्यातून काही कळत नाही, असं तो एकदा म्हणाला. मनकर्णा म्हणाली, "मला कळतंय. तुमी सोडू नका." मग तो बाहेर येऊन हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचा आणि धुताना रडायचा.

शेजारच्या भागूबाईला सगळं गाव आपलं वाटायचं. ती एक दिवस डोकावली.

"अवं सोजरबाई, सून कुलपात ठेवली म्हनं. दागिना हाय का काय?"

"दागिना न्हाई, पिशवी हाय."

"असं व्हय! मला वाटलं भांडलीव का काय दोघी." भागूबाईनं दारावरच्या चित्राकडं बघितलं. "पिशवी तर पिशवी. आमच्या थोरलीला काहीबी बोला, ती बाईच्या बाईच राहती."

"तुझ्या कोंबड्या आवर तेवढ्या," सोजरबाई म्हणाली.

पण घात कोंबड्यांनी केला नाही. एक दिवस मनकर्णा कूस बदलताना पदरातला एक दाणा फळीवरून खाली पडला आणि घरंगळत दाराच्या फटीतून बाहेर आला. सोजरबाई माती आणायला वळली, तेवढ्यात चिमणीनं तो उचलला. पत्र्यावर बसून तिनं तो खाल्ला, चोच पुसली. भाकरी थापून होईतो ती पत्र्यावरून टपकन पडली. पाय वर.

सोजरबाईनं भाकरी तव्यावरच करपू दिली. तिनं चिमणीकडं बघितलं, मग दारावरच्या कवटीकडं बघितलं. त्या तोंडाचा अर्थ तिला आता लागला. तिनं ते दृष्ट लागू नये म्हणून लावलं होतं, आणि ते तर सांगत होतं की इथं मरण आहे. आणि ते मरण तिनं स्वतःच्या हातानं, हळदकुंकू लावून, पाच ओंजळी भरून पोरीच्या पोटाला टेकवून ठेवलं होतं.

चिमणी तिनं मातीआड केली. हात धुतले. पुन्हा धुतले.

मुदतीला दहा दिवस राहिले तेव्हा टेकाळे साहेब खड्डा बघायला आले. खड्डा आधी खणून ठेवायचा असतो. तुळशीरामानं परसात खणला होता. साहेब फूटपट्टी घेऊन आत उतरले, खोली मोजली, रुंदी मोजली.

"लांबी कमी आहे," ते म्हणाले. "पिशवी दुमडून पुरायची नाही. आडवी मावली पाहिजे."

"किती?" तुळशीरामानं विचारलं.

"पिशवी आणा, मोजू."

कुलूप काढलं. मनकर्णा पदर सांभाळत बाहेर आली. दहा-बारा दिवसांत ती उन्हात आली नव्हती, म्हणून डोळे मिचकावत होती. साहेबांनी तिला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं आणि तुळशीरामाला सांगितलं, आणखी वीत सोडा. तुळशीरामानं कुदळ उचलली. मनकर्णा खड्ड्याच्या काठाशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आत्याबाई, पिशवी फाडतात ती तोंडाकडून का तळाकडून?"

"गप बस," सोजरबाई म्हणाली.

"न्हाई, इचारून ठेवलेलं बरं."

"शिवणीकडून," साहेब म्हणाले. त्यांना कुणी नियम विचारला की सांगायला आवडत असे.

तेव्हा सोजरबाईच्या डोक्यात ते आलं. ती दरसाल पेरणीच्या आधी एक काम करायची. नवं बियाणं असो का घरचं, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायची, सात दिवस पाणी शिंपडायची आणि किती उगवले ते मोजायची. तिच्या आईनं तसं केलं, तिनं तसं केलं. ह्या सालीच तेवढं केलं नव्हतं, कारण पिशवीवर आकडा छापलेला आहे असं दुकानदार म्हणाला होता.

"साहेब," ती म्हणाली, "हे बी उगवलं तर?"

"पिशवीत उगवत नसतं, आजी. ओल लागली की कुजतं. आणि कुजलं की मुदत तिथंच संपली, तीस तारखेची वाट बघायची नाही."

"पन उगवलंच तर?"

साहेबांनी वही उघडली. उन्हात उभं राहून त्यांनी बराच वेळ पानं चाळली. खड्ड्यातून कुदळीचा आवाज येत होता.

"मग ते बियाणं राहत नाही," ते शेवटी म्हणाले. "ते पीक होतं. पीक माझ्याकडं नाही. पीक तलाठ्याकडं." मग त्यांनी वहीत बोट ठेवलं. "पण एखादा दाणा उगवून भागत नाही. शंभरात पंधरा वाया गेलेले चालतात. सोळावा गेला की सगळं कुजलेलं धरायचं."

सोजरबाईनं ते मनात ठेवलं. शंभरात चार विसा पाच.

साहेब गेल्यावर तिनं लेकाला काही सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं तिला करू दिलं नसतं, आणि त्यानं नको म्हटलं असतं तर तिच्यानं झालं नसतं. मुदतीला सात दिवस राहिले तशी ती तांब्या घेऊन आत गेली. हातात मोजे, नाकाला फडकं.

"मनकर्णे, ऐक. मी ह्याला पानी घालनार. उगवलं तर तू सुटलीस. कुजलं तर आज-उद्याच जायची. आन् पानी न्हाई घातलं तर अजून सात दिस हायेत तुला. तू सांगशील तसं."

मनकर्णा पदरात बघत राहिली.

"तुमी भरलीय ओटी," ती म्हणाली. "तुमीच पानी घाला."

सोजरबाईनं ओंजळीनं शिंपडलं. रंग सुटला. गुलाबी पाणी पदरातून झिरपून लुगड्यावर आलं, लुगड्यावरून पायावर, पायावरून फळीवर, आणि फळीच्या फटीतून टपटप खाली. आधीच्या दोन वेळेला मनकर्णेनं असंच खाली बघितलं होतं. तिनं डोळे मिटून घेतले. सोजरबाईनं खाली राख पसरली, राख गोळा करून मातीआड केली, आणि पोरीचे पाय धुवून पुसले.

असं रोज, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी दाणे फुगले. तिसऱ्या दिवशी तसेच. चौथ्या दिवशी आंबूस वास सुटला. सोजरबाईनं नाकावरचं फडकं काढून हुंगून पाहिलं. कुजल्याचा वास आणि उगवण्याचा वास पहिल्या दिवशी सारखाच असतो, हे तिला माहीत होतं. कुठला कुठला, ते दुसऱ्या दिवशी कळतं. तेवढा एक दिवस तिला मोठा गेला. तुळशीरामानं विचारलं, "माय, वास कशाचा?" ती म्हणाली, "ताक नासलं." पाचव्या दिवशी दाण्यांना सुईच्या टोकाएवढं पांढरं फुटलं होतं. पण सगळ्यांना नाही.

तीस तारखेला टेकाळे साहेब सकाळीच आले. बरोबर नवा विळा आणला होता. घरात धारेचा विळा असेलच असं नाही, म्हणून कचेरीतून मिळतो. त्यांनी तो सोजरबाईच्या हातात दिला.

"आधी बघा," सोजरबाई म्हणाली. "उगवलंय."

तुळशीराम आईकडं बघतच राहिला.

साहेबांनी मोजे चढवले, पदर उघडला, एक दाणा उचलून डोळ्याजवळ नेला. "हे मूळ आहे. मूळ पुरत नाही. वर कोंब पाहिजे, हिरवा. दोन्ही असले तर उगवला." त्यांनी सूर्याकडं बघितलं. "मावळेपर्यंत वेळ आहे. मी बसतो."

मनकर्णेला अंगणात उन्हात उभं केलं. साहेब लिंबाखाली बसले. भागूबाई कुडापलीकडून बघत होती. तिनं आपल्या कोंबड्या आपण होऊन टोपलीखाली डालून टाकल्या होत्या. दुपार झाली. मनकर्णा बसली नाही, कारण बसलं तर दाणे दडपतील. तुळशीराम पाठीमागं उभा राहून तिला टेका देत होता. त्यानं मोजे घातले नव्हते. साहेबांनी ते बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

ऊन कलल्यावर ते उठले.

"नमुना तीन जागचा घ्यायचा असतो. तोंडाचे चाळीस, मधले चाळीस, तळाचे वीस."

त्यांनी फडकं पसरलं आणि एकेक दाणा काढून ठेवू लागले. उगवलेला उजवीकडं, वाया गेलेला डावीकडं. सोजरबाई डावीकडचे मोजत होती. तोंडाचे चाळीस झाले, चार वाया. मधले चाळीस झाले, आणखी सहा वाया. दहा.

तळाचे वीस राहिले. तळाचे दाणे अगदी पोटाला चिकटलेले. साहेबांनी हात खोल घातला. पहिला काढला. काळा, मऊ. डावीकडं. दुसरा काढला, डावीकडं. तिसरा. चौथा. पाचवा बोटात धरला तर त्याचं पीठ झालं.

पंधरा.

आता पंधरा दाणे राहिले होते आणि एकही चुकून चालणार नव्हता. साहेब थांबले. त्यांनी कपाळ बाहीनं पुसलं. मग पुढचा काढला. उजवीकडं. पुढचा. उजवीकडं. असे पाच झाले, दहा झाले. भागूबाई कुडापलीकडून हळूच म्हणाली, "अकरा." कुणी तिला गप केलं नाही. बारा, तेरा, चौदा.

शेवटच्या दाण्याला मूळ होतं. कोंब नव्हता. साहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"नाही," ते म्हणाले.

"सूर्य हाय अजून," सोजरबाई म्हणाली.

सूर्य शेवरीच्या झाडाला टेकला होता.

"माझ्या हातात द्या," मनकर्णा म्हणाली. साहेबांनी वहीकडं बघितलं. पिशवीनं आपलंच बियाणं धरू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी दाणा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली, मूठ पोटाशी धरली आणि तशीच उभी राहिली. साहेब सूर्याकडं बघत होते, तुळशीराम मुठीकडं बघत होता, आणि सोजरबाई कुठंच बघत नव्हती. तिनं विळा दोन्ही हातांत धरला होता. शेवरीचा शेंडा काळा पडला, मग बुंधा काळा पडला.

"उघडा," साहेब म्हणाले.

मनकर्णेनं मूठ उघडली. दाण्याच्या टोकाची साल फाटली होती. त्यातून नखाच्या कोरीएवढं हिरवं वर आलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दाणा उचलून उजवीकडं ठेवला. सोजरबाईच्या हातातून विळा घेतला, मनकर्णेच्या पदराजवळ गेले आणि लेबलाची सुतळी टचकन कापली.

"पीक आहे," ते म्हणाले. "लेबल शिल्लक जमा." ते वहीत घालून ते वळले. कुंपणापाशी थांबून त्यांनी खिशातून तंबाखू काढली. "उद्या तलाठ्याला पाठवतो. पीक उभं आहे म्हणजे शेत आलं."

तलाठी आवारे दुसऱ्या दिवशी साखळी घेऊन आला. त्यानं मनकर्णेची मोजणी केली. चतुःसीमा विचारल्या. पूर्वेला तुळशीराम, पश्चिमेला सोजरबाई, दक्षिणेला लिंब, उत्तरेला भागूबाईचा कूड. क्षेत्र त्यानं अर्धा गुंठा धरलं. परसातला खड्डा बघून विचारलं, ही विहीर कुणाची? सोजरबाई म्हणाली, आमचीच. त्यानं तीही लिहिली, आणि मनकर्णेला गट नंबर देऊन तिचा सातबारा तिच्याच हातात दिला. ज्या घरात मातीचं ढेकूळ नव्हतं, त्या घरात आता बागायत रान चालतंबोलतं हिंडत होतं.

शेताला कुलूप लावत नाहीत. मनकर्णा बाहेर आली. सोजरबाई रोज तिच्या पदरात मूठभर गाळ घालायची, तांब्यानं पाणी द्यायची. पौषात गहू पोटरीत आला, आत ओंबी धरू लागली, तेव्हा ती पाणवठ्यावर जपून जायची. बाया वाट द्यायच्या, कारण उभ्या पिकातून कुणी जात नाही. फाल्गुनात तुळशीरामानं गुडघ्यावर बसून विळ्यानं त्या गव्हाची कापणी केली. गहू पांढरा निघाला. सोजरबाईनं पहिली भाकरी त्याचीच केली, आधी स्वतः खाल्ली, दिवसभर वाट बघितली आणि मग लेका-सुनेला दिली. चैत्रात परसातल्या खड्ड्याला पाणी लागलं.

वैशाखात मनकर्णा बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली वजनाची. आवारे तलाठी पीकपाहणीला आला होता, त्यानं गव्हाच्या खाली नोंद केली, दुबार पीक, जोमदार.

टेकाळे साहेबही आले होते, पण दारावरची खूण सोजरबाईनं कधीच खरवडून काढली होती, त्यामुळे ते आत न येता पुढं गेले. सोजरबाईनं दाराआडून त्यांच्या सायकलीचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकला. मग ती आत आली, नातीला मांडीवर घेतलं, दुपटं सोडलं, आणि तिला उताणं करून, पालथं करून, काखेत, मानेखाली, टाचेपर्यंत बघितलं. कुठंच लेबल नव्हतं. तिनं तीनदा बघितलं, आणि मग पोरीची ओटी साध्या पांढऱ्या गव्हानं भरली.